आजची रात्र कुठे काढायची?

झेलमच्या काठी कडाक्याची थंडी पडली होती. बहीण-भावाजवळ पांघरूण नव्हते, डोक्यावर छप्पर नव्हते. त्या दोघांनी नदीच्या वाळूत दोन खड्डे खणले. माणूस पुरायला खणतात तसे. आत आडवे झाले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून वाळू अंगावर ओढून घेतली. रात्र निघाली.

बहिणीचे नाव रमा, भावाचे श्रीनिवास. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना भाऊबंदांची बोलणी खावी लागली होती. पुढे सगळे कुटुंब तीर्थाटनाला निघाले. देवळाच्या ओवरीत पुराण सांगायचे, लोक देतील त्यावर राहायचे. १८७४ ते १८७७ या दुष्काळी वर्षांत लोकांपाशीच द्यायला काही उरले नाही. मजुरी कधी केलेली नव्हती, भीक मागायची लाज वाटत होती. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण कृष्णाबाई. आईच्या तिरडीला चौथा खांदेकरी मिळेना, म्हणून रमेनेच खांदा दिला. ती उंचीला लहान, खांदा पुरेना. तेव्हा तिरडीचे टोक तिने डोक्यावर घेतले. पुढची काही वर्षे दोघे भावंडे हजारो मैल पायी हिंडली. रानबोरे आठळीसकट गिळली, मूठभर धान्य भिजवून मिठाबरोबर खाल्ले.

ही मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले, तेव्हा ती वीस वर्षांची होती. हा गौरव आपल्या शाळेच्या पुस्तकांत येतो. वाळूतले ते दोन खड्डे मात्र सहसा येत नाहीत, आणि दौंड तालुक्यातल्या केडगावची गोष्ट त्या खड्ड्यांपासूनच सुरू होते.

शंभर एकरांचा माळ

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी उरुळी, यवत, खुटबाव मागे टाकत केडगावला थांबते. आज या पट्ट्यात नजर पोचेल तिथवर ऊस आहे, गुऱ्हाळांची धुराडी आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वी हा भीमथडीचा कोरडा मुलूख होता. पाऊस बेभरवशाचा आणि सावकार घट्ट. १८७५ साली सावकारांच्या वह्या जाळणारा दख्खनचा उठाव याच मुलखात, सुप्याला पेटला. या माळावरून रेल्वे जात होती, आणि स्टेशनपासून जवळच रमाबाईंनी १८९५-९६ च्या सुमारास शंभरेक एकर जमीन घेतली.

ही जमीन घेण्यामागे दुष्काळाचा विचार नव्हता. बिपिनबिहारी मेधावींशी झालेले लग्न, दोन वर्षांच्या आत आलेले वैधव्य, पुण्यातला आर्य महिला समाज, इंग्लंड, १८८३ मधला ख्रिस्ती धर्मस्वीकार, अमेरिका, असा मोठा प्रवास करून रमाबाई १८८९ मध्ये परतल्या होत्या. त्या वर्षी ११ मार्चला मुंबईत चौपाटीजवळ त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आले. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई नातू. हीच पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली आणि बाया कर्वे म्हणून महाराष्ट्राला माहीत झाली. सदनाचा खर्च अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनकडून येई, पण त्यांचे वचन दहा वर्षांचे होते. दहा वर्षांनंतर काय, या काळजीपोटी केडगावची जमीन घेतली. फळबाग लावावी आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालावे, असा तो बेत होता.

मधल्या काळात पुण्याशी बिनसले होते. सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे जातो आहे, यावरून १८९३ मध्ये गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’ने झोड उठवली, कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. अशा वेळी दुसरी एखादी बाई चार मुलींचे पाहत गप्प राहिली असती. १८९६ चा पाऊस पडला नाही आणि रमाबाईंना गप्प राहता आले नाही.

खडी फोडणाऱ्यांचा दुष्काळ

१८९६-९७ चा दुष्काळ पसरला तेव्हा सरकारपाशी नियम तयार होते. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ-संहिता बनली होती. हातपाय धड असतील त्याने सरकारी कामावर खडी फोडावी, माती वाहावी आणि ठरलेले माप भरले की मजुरी घ्यावी. ज्याला हे झेपत नसेल त्याने अनाथगृहात, म्हणजे त्या काळच्या ‘पुअर हाउस’मध्ये जावे. कागदावर यात कोणी सुटत नव्हते. प्रत्यक्षात आईबाप वाटेत मेलेली दहा-बारा वर्षांची पोर खडीचे माप भरू शकत नव्हती आणि अनाथगृहापर्यंत चालूही शकत नव्हती. नवऱ्याने टाकलेली तरुण बाई कामावर गेली, तर हजेरी घेणाऱ्या मुकादमाच्या मर्जीवर तिची मजुरी ठरे.

मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा रमाबाई प्रथम घुटमळल्या. हाताशी पैसा नव्हता, पुण्यातली जागा अपुरी होती. पण स्वतःचे जुने दिवस डोळ्यांपुढून हलेनात, असे त्यांनीच नंतर लिहून ठेवले. त्या निघाल्या. मध्य प्रांतातल्या छावण्या आणि अनाथगृहे त्यांनी हिंडून पाहिली. भुकेने माणूस कसा दिसतो, हे त्यांना नवे नव्हते. त्यांना जास्त हादरवले ते दुसऱ्याच गोष्टीने. पोरीबाळींच्या भुकेवर डोळा ठेवून बसलेली माणसे तिथे होती. वेश्याव्यवसायासाठी मुली उचलणारे दलाल होते आणि ज्यांनी राखण करायची तेच अंमलदार अब्रू घेत होते. रमाबाईंनी हे झाकून ठेवले नाही. छापून सांगितले.

त्यांनी मुली आणायला सुरुवात केली. सामान्य धर्मादाय संस्था दार उघडे ठेवते आणि येईल त्याला घेते. रमाबाईंचे तसे नव्हते. जिला दारापर्यंत चालवत नाही, तिच्यापर्यंत आपणच चालत जायचे, ही त्यांची रीत होती. त्या खेपेला तीनशेच्या आसपास मुली आणि बाया त्यांच्या आश्रयाला आल्या. ज्या उच्चवर्णीय विधवांसाठी शारदा सदन निघाले होते, त्यांच्याबरोबर आता सगळ्या जातींच्या मुली आल्या. कोणी हिंदी बोलणारी, कोणी गोंडांच्या मुलखातली. सदनात जातीचे सोवळे सांभाळायची मुभा होती. दुष्काळातून आलेल्या पंगतीत तो प्रश्नच उरला नाही.

प्लेग आणि तंबू

मुली पुण्यात पोचल्या आणि पुण्यात प्लेग होता. १८९७ चे ते साल. घरोघर झडत्या, विलगीकरणाच्या छावण्या, गोऱ्या सोजिरांची धास्ती, आणि २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळ्या. अशा शहरात शेकडो भुकेकंगाल मुली एका आवारात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. त्या गोष्टीत रोगाची भीती खरी होती. पण मुलींना ठेवायचे कुठे, याचे उत्तर मनाई करणाऱ्यांपाशी नव्हते.

उत्तर केडगावला होते. जिथे फळझाडे लावायची होती त्या माळावर तंबू लागले, झोपड्या पडल्या. मुली रेल्वेने तिथे आल्या. वरून पाऊस, खाली काळी माती, आणि अंगात काही त्राण नसलेली पोरे. उपासाने आतडी वाळलेल्या माणसाला एकदम भाकरी दिली तर ती बाधते. आधी पेज, मग पातळ कण्या, मग मऊ भात, असे बेताबेताने पोट उघडावे लागते. डोक्यात उवा, अंगावर खरूज आणि जखमा. केस उतरवावे लागतात, जखमा धुवाव्या लागतात. इतके करूनही सगळ्या वाचल्या नाहीत. उशीर झालेल्या कितीतरी मुली केडगावच्या मातीत गेल्या.

त्याच वर्षी रमाबाईंनी आणखी एक धाडस केले. प्लेगच्या इस्पितळांत आणि छावण्यांत बायकांची राखण होत नाही, असे जाहीर पत्र त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये लिहिले. मुंबईच्या सरकारने आरोप फेटाळला, पण त्याचे पडसाद विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेले. सनातनी पुणे त्यांच्यावर आधीच रुष्ट होते, आता सरकारही झाले. ख्रिस्ती बाई आहे म्हणजे सरकारचीच असणार, असे मानणाऱ्यांना त्या पत्राने उत्तर मिळाले. निराश्रिताला जेवू घालणे आणि निराश्रितावर होणाऱ्या अन्यायाविरुद्ध बोलणे, ही दोन कामे त्यांनी कधी वेगळी मानली नाहीत.

१८९८ मध्ये केडगावच्या पक्क्या इमारती उभ्या राहिल्या. नाव ठेवले मुक्ती सदन.

१८९७ च्या मुली, १९०० च्या मुली

दम घ्यायला दोन वर्षेही मिळाली नाहीत. १८९९-१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. गुजरात-राजस्थानात त्याला अजून ‘छप्पनिया’ म्हणून ओळखतात, विक्रम संवत १९५६ वरून. या वेळी गुजरात आणि राजपुताना होरपळले. केडगावहून बाया तिकडे गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास मुक्ती सदनात दीड हजारांवर माणसे आणि शंभरावर गुरे होती. आसपासची कित्येक खेडी एवढी मोठी नव्हती.

दीड हजार माणसे सांभाळली कोणी? केडगावच्या इतिहासाचे मर्म मला या प्रश्नाच्या उत्तरात दिसते. परदेशी मदतनीस बायका होत्या, देणग्या येत होत्या, रमाबाईंची करडी देखरेख होती. पण रोजचा भार आधी येऊन राहिलेल्यांनीच उचलला. शारदा सदनात शिकलेल्या विधवा इथे शिक्षिका झाल्या, मुलींच्या गटांच्या आया झाल्या. १८९७ मध्ये तंबूत ज्यांना पेज पाजली होती, त्यांतल्या थोराड मुली १९०० मध्ये नव्या मुलींचे केस उतरवायला, जखमा धुवायला आणि पेज ढवळायला उभ्या राहिल्या. भूक कशी असते हे ज्यांना सांगावे लागत नव्हते, त्यांच्या हातात वाढण्याची पळी आली.

रमाबाईंनी प्रत्येकीला अक्षर दिले आणि काम दिले. विहिरी, शेती आणि दुभती गुरे होती, तेलाचा घाणा आणि हातमाग होते. शिवण, विणकाम आणि धोबीकाम होते. छापखाना होता आणि त्यात खिळे जुळवणाऱ्या बायका होत्या. ज्या काळात बाईने पुस्तक हातात धरले तर घरात भांडण होई, त्या काळात केडगावच्या बाया पुस्तक छापत होत्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, बायाबापड्यांना कळेल अशा सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर याच छापखान्यात, याच हातांनी जुळवले गेले. आंधळ्या मुलींसाठी रमाबाईंच्या मुलीने, मनोरमाबाईंनी ब्रेलची शाळा सुरू केली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. म्हाताऱ्यांची सोय झाली. समाज ज्यांना ‘ही आमची नव्हे’ म्हणाला, त्यांच्या एकेका दुःखासाठी केडगावला एकेक दार निघत गेले.

एक प्रश्न, न टाळता

केडगावचा इतिहास लिहिताना धर्माचा प्रश्न टाळता येत नाही, आणि टाळू नये. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होते. तिथे आलेल्या बहुतेक मुली पुढे ख्रिस्ती झाल्या. भुकेल्या पोरीला देव निवडायची मोकळीक खरोखर असते का, हा प्रश्न त्या काळी विचारला गेला आणि तो रास्त आहे. ज्याच्या हातात अन्न आहे त्याच्या शब्दाला जास्त वजन येते, हे कोणत्याही आश्रमाला, कोणत्याही धर्माच्या माणसाला नाकारता येणार नाही.

पण त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न ठेवला पाहिजे. खडीच्या ढिगाऱ्याशी बसलेल्या त्या पोरीकडे तेव्हा आणखी कोण गेले होते? महाराष्ट्रात या कामाची वाट अगदीच अनोळखी नव्हती. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव फुले आणि त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी धनकवडीला बालाश्रम काढून पोरांना जेवू घातले होते. रमाबाईंच्या धर्मांतरानंतर सगळे त्यांच्यावर तुटून पडले, तेव्हा ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेणारेही फुलेच. ही वाट जोतीरावांनी दाखवली होती, तिच्यावर चालायला मात्र फार थोडे पुढे आले. बाकीच्यांनी रमाबाईंच्या देवाची चर्चा केली. त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन पेज ढवळायला त्यांतले क्वचितच कोणी आले.

मनोरमाबाई २४ जुलै १९२१ रोजी वारल्या. एकुलती एक मुलगी, कामातला उजवा हात. रमाबाईंनी अखेरच्या दिवसांपर्यंत बायबलची मुद्रिते तपासली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांचा अंत झाला. सरकारने तीन वर्षांपूर्वी कैसर-ए-हिंद पदक दिले होते. पदकापेक्षा मोठी गोष्ट ही की मुक्ती सदन त्यांच्यामागे बंद पडले नाही. ते आजही केडगावात आहे.

भीमेच्या पलीकडे

केडगावहून उत्तरेला भीमा ओलांडली की शिरूर तालुका. बेघरांचा प्रश्न तिथेही आहे. भटक्या-विमुक्तांच्या पालांचा हा मुलूख. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, पण शिक्का पुसला गेला नाही. गावाने जागा द्यायची नाही, आणि जागा नाही म्हणून कागद नाही, कागद नाही म्हणून घरकुल नाही, असा हा फेरा. शिरूर तालुक्यातल्या निमगाव म्हाळुंगीत ग्रामविकासाचे काम करताना गिरीश प्रभुणे यांची पारध्यांच्या या जगण्याशी गाठ पडली आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि याच तालुक्यात वढू बुद्रुक आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीचे गाव. २ फेब्रुवारी १९९७ रोजी, म्हणजे केडगावच्या तंबूंनंतर बरोबर शंभर वर्षांनी, तिथे सिस्टर लूसी कुरियन यांनी एक घर उघडले. त्याला नाव दिले ‘माहेर’. मूळच्या केरळच्या या बाईंनी मराठीतला असा शब्द उचलला की तो कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

त्या घरामागची हकिकत सिस्टर लूसींनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. १९९१ मध्ये पुण्यात त्या महिलांसाठीच्या एका संस्थेत काम करत होत्या. एक गरोदर बाई आली. नवरा मारून टाकील, आजची रात्र इथे राहू द्या, म्हणाली. ठेवून घ्यायला जागा नव्हती, तसा अधिकारही नव्हता. उद्या ये, काहीतरी करू, असे सिस्टर लूसींनी तिला सांगितले. त्या रात्री नवऱ्याने तिला पेटवले. ती गेली, पोटातले मूलही गेले. ‘उद्या’ हा शब्द सिस्टर लूसींच्या मनातून गेला नाही आणि सहा वर्षांनी वढूला घर उभे राहिले. पुढे रस्त्यावर फिरणाऱ्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी वात्सल्यधाम निघाले, मुलांची घरे निघाली, केरळ आणि झारखंडातही काम पोचले. इथे सर्व धर्मांचे सण होतात आणि कोणाचाही धर्म बदलला जात नाही. केडगावपुढे जो प्रश्न उभा राहिला होता, त्याला शंभर वर्षांनी दिलेले हे एक उत्तर आहे, असे मला वाटते.

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार माणसे बेघर म्हणून मोजली गेली. मोजणीच्या रात्री जी उघड्यावर सापडली तीच ही माणसे. दौंड-शिरूरच्या उसाच्या फडात दर हिवाळ्यात कोयत्यावर येणारी, पाचटाच्या कोपीत बाळंत होणारी, पट्टा पडला की निघून जाणारी माणसे यात कितपत धरली गेली असतील? त्यांना गावी घर असते, पण अर्धे वर्ष ते घर त्यांच्या कामाचे नसते. आपल्या शेतातून धूर निघताना दिसतो आणि आपण तो गुऱ्हाळाचा आहे की कोपीतल्या चुलीचा, हे पाहायला जात नाही.

बेघर माणसाच्या अडचणी पुष्कळ असतात. रोजगार, रेशनकार्ड, औषध, पोरांची शाळा. त्यांना वर्षे लागतात आणि ती द्यावीच लागतात. केडगावने ती दिली. पण त्याची पहिली अडचण रात्रीची असते आणि ती रोज संध्याकाळी नव्याने उभी राहते. रमाबाईंना हे झेलमच्या वाळूत कळले होते. म्हणून त्यांनी इमारत होईपर्यंत वाट पाहिली नाही. आधी तंबू लावले, मग विटा पाडल्या. १८९७ च्या त्या पावसाळ्यात केडगावच्या तंबूत पाणी शिरत असेल, पांघरुणे पुरत नसतील, कोणी पोर रात्रभर कण्हत असेल. तरी प्रत्येक तंबूत एक थोरली बाई निजलेली असेल. पोर उठली तर तिला पाणी द्यायला.